चिठ्ठ्या आधी, चर्चा मागाहून

नमस्कार श्रोतेहो. चार पुणेकर जमले की पाच मतं निघतात, असं आपल्याला चिडवलं जातं. मला त्यात गैर काही वाटत नाही. घोळ होतो तो पहिल्याच मताला सगळ्यांनी माना डोलावल्या की.

१९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या एका प्रदर्शनात बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा लागली. कापून साफ केल्यावर मांस किती भरेल, हे सांगायचं. सुमारे आठशे लोकांनी पैसे भरून तिकिटावर आकडा लिहिला. त्यात कसाई, शेतकरी होते, तसेच हौशेगवशेही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी ती तिकिटं मिळवून आकडे चढत्या क्रमाने लावले. बरोबर मधला आकडा निघाला १२०७ पौंड, आणि खरं वजन भरलं ११९८. ज्याने त्याने आपापला आकडा लिहिला, म्हणून कुणी जास्त चुकला, कुणी कमी, आणि चुकांची फिटंफाट झाली.

मतं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत, हेच भान आपल्या भांडारकर संस्थेत दिसतं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे जुन्या पोथ्या ताडून मूळच्या जवळचा पाठ ठरवण्याचं, काम १९१९ ते १९६६ चाललं. १२५९ हस्तलिखितं जमवली. चौकटींच्या कागदावर श्लोक अक्षर-अक्षर मांडायचा आणि पोथ्यांतले पाठभेद त्याखाली टिपायचे. पण शंभर पोथ्यांत एक पाठ आहे म्हणून तोच खरा, असं संपादक विष्णु सुकथनकर मानत नव्हते. एकाच पोथीच्या शंभर नकला म्हणजे साक्ष एकच! काश्मीरची शारदा लिपीतली पोथी आणि थेट केरळातली मल्याळम पोथी जुळली, तर त्या पाठाला खरं वजन.

आता सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या. पाणी पुरत नाही. एकाने 'बोअर मारा' लिहिलं की खाली वीस अंगठे. त्या शंभर नकलाच की!

तेव्हा पुढच्या सभेत अध्यक्षांनी तोंड उघडण्याआधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. पाणी किती वाजता जातं, टाकी कधी वाहते, कारण काय वाटतं, एवढंच विचारा. भाडेकरूंना द्या, वॉचमनला द्या, धुणंभांडी करणाऱ्या मावशींना लिहिता येत नसेल तर विचारून लिहून घ्या. नावं नकोत, विंग आणि मजला हवा. एकाच घरातल्या चार सारख्या चिठ्ठ्या एकच धरा. त्या सगळ्या वाचून झाल्या की मग खुशाल भांडा, चहा येतोच आहे.