रंगाखालचा थर

रंग देण्याआधी धुऊन टाकीतून वर येणारा हा लोखंडी पत्रा नीट बघा. पाण्याचा थर सलग उतरतोय, कुठेही तुटत नाही. तेलाचा अंश राहिला असता, तर तेवढ्या जागी पाणी फाटलं असतं. ही परीक्षा नुसत्या नजरेनं होते आणि इथे नापास झालेल्या पत्र्यावर महागातला रंगही टिकत नाही.

तेल गरम अल्कलीत गेलं, गंज आम्लात गेला. दर वेळी मधे स्वच्छ पाणी.

पुढच्या टाकीत डोळ्यांना फारसं काही दिसणार नाही, तरी थांबूया. या पाण्यात टायटॅनियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण आहेत. ते पत्र्यावर बसतात आणि पुढच्या टाकीत फॉस्फेटचे स्फटिक त्यांच्याभोवती वाढतात. ही पायरी गाळली, तर स्फटिक थोडे आणि ओबडधोबड येतात, मधलं लोखंड उघडं राहतं.

आणि आता फॉस्फेटिंग. झिंक फॉस्फेटचं आम्लधर्मी द्रावण, तापमान साधारण 50 ते 60 अंश सेल्सियस. आम्ल लोखंडाला किंचित खातं. खाता खाता पत्र्यालगतची आम्लता उतरते, तिथे झिंक फॉस्फेट विरघळलेलं राहू शकत नाही, आणि ते पत्र्यावरच स्फटिक होऊन बसतं. म्हणजे हा थर वरून फासलेला नाही. तो धातूवरच उगवलेला आहे!

सूक्ष्मदर्शकाखाली हे त्याचं रूप. काही मायक्रॉनचे स्फटिक, एका चौरस मीटरवर जेमतेम दोन-तीन ग्रॅम. रंग त्यांच्या फटींत शिरतो आणि बोटांत बोटं गुंतावीत तसा धरून बसतो.

ब्रिटनमध्ये थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी 1906 साली फॉस्फेटिंगचं पेटंट घेतलं, तेव्हा लोखंड उकळत्या द्रावणात तासन्‌तास ठेवावं लागे. आता काही मिनिटं पुरतात.

टाकीच्या तळाशी साचणारा गाळ आणि शेवटच्या धुण्यात वापरलं जाणारं, कर्करोगकारक ठरलेलं सहासंयुजी क्रोमियम, ही या कामाची दुसरी बाजू. म्हणून अनेक ठिकाणी आता झिरकोनियमचे नॅनोमीटर जाडीचे थर आले आहेत.

हे दोन पत्रे. रंग एकच, भट्टी एकच. पात्यानं बारीक चौकटी कापल्या, वर टेप दाबली आणि ओढली. डावीकडे चौकोन टेपबरोबर निघून आले. उजवीकडचा पत्रा या टाक्यांमधून गेलेला आहे. त्याचा एकही चौकोन सुटलेला नाही.