दत्तक संस्थेचा पैसा : रात्रपाळीच्या आयाचा पगार कोण देणार?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि गेली काही वर्षं एका दत्तक संस्थेचे हिशेब विनामोबदला बघते. दत्तकाच्या विषयात पैशाचं नाव निघालं की माणसं अवघडतात, म्हणून आज फक्त पैशाबद्दलच बोलते.

तसं दत्तक आपल्या शहराला परकं नाही. २७ मे १८७५ ला महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याच्या १२ वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतलं आणि त्याचे सयाजीराव महाराज झाले. त्या मुलामागे अख्खी गादी उभी होती. आज संस्थेच्या पाळण्यात सापडलेल्या बाळामागे काय असतं, ते दाखवते.

(दुधाच्या पावडरीचा डबा उचलून) हा डबा. तान्ह्या बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं, रात्री अडीचलासुद्धा. पाणी उकळून निववायचं, चमचा सपाट करून पावडर मोजायची, पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. तोवर शेजारचं उठतं. यासाठी आया जागी लागते. दिवसाच्या तीन पाळ्या, वर सुट्टीची बदली. आमच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा पगाराचाच असतो, आणि नेमका त्यालाच दाता मिळत नाही. वाढदिवसाला श्रीखंड-पुरी येते, पितृपक्षात जेवण येतं, दिवाळीत इतके फ्रॉक येतात की कपाटाचं दार लागत नाही. सगळं मनापासून दिलेलं असतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सहा महिन्यांचं बाळ श्रीखंड कसं खाणार? म्हणून आता फोन आला की आम्ही तिथेच विचारतो, "काका, जेवणाऐवजी एका रात्रीचा आयाचा पगार द्याल का? पावतीवर आईंचं नाव घालू." बरेच जण हो म्हणतात. इतकी वर्षं आम्ही विचारलंच नव्हतं.

सरकारी अनुदान मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या योजनेतून येतं. गुजरातेत त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पण ते हप्त्यांनी येतं, आधीच्या पैशाचा हिशेब दिल्यावर येतं, आणि पगार तर महिन्याच्या महिन्याला द्यावाच लागतो. म्हणून निदान तीन महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय मला झोप लागत नाही.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च, हा दुसरा रस्ता. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक पायरी ओलांडलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. अनाथांसाठीची घरं कायद्याच्या यादीत आहेत. संस्थेकडे आयकर खात्याची १२ए नोंदणी आणि दात्याला करसवलत देणारं ८०जी हवं, आणि कंपनी खात्याकडे सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी हवी. मग अर्जात भिंतीचा रंग मागू नका, दोन आयांचा वर्षभराचा पगार मागा. मकरपुऱ्यातला छोटा कारखानदार या कायद्यात बसत नसेल, तरी स्वतःच्या खिशातून देऊ शकतो. त्याच्याकडे जा.

आता मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. एक जोडपं आलं होतं. दत्तकासाठीच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून बराच काळ लोटला होता, नंबर येत नव्हता. जाताना ताईंनी टेबलावर एक पाकीट सरकवलं, "मुलांसाठी आहे हो, दुसरं काही नाही." त्यांचे हात थरथरत होते. त्या महिन्यात आमच्याकडे खरंच चणचण होती. तरी पाकीट परत केलं, आणि त्या दोघांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांकडून संस्थेला देणगी घेता येत नाही. रोख नाही, वस्तू नाही, मेव्हण्याच्या नावानेही नाही. नियमावलीत ठरलेलं शुल्क तेवढं घ्यायचं, आणि त्याची पावती द्यायची. रांग नोंदणीच्या ज्येष्ठतेने चालते. एका घराचं पाकीट घेतलं की ज्यांच्याकडे पाकीट नाही त्यांनी आमच्यावर विश्वास कशाला ठेवायचा? मुलाच्या खरेदी-विक्रीला बाल न्याय कायद्यात ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. आमच्या संस्थेने स्वतःवर आणखी एक बंधन घातलंय. मूल घरी गेल्यावर दोन वर्षं पाहणी चालते, ती संपेपर्यंत त्या घरातून काहीच घ्यायचं नाही. आईबापांनो, कुणी "देणगी द्या, लवकर होईल" म्हणालं तर तिथून उठा आणि जिल्हा बाल संरक्षण कार्यालयात जाऊन सांगा.

आणि एक चूक माझी. एका बाळाच्या ऑपरेशनसाठी दात्याने नाव घालून पैसे दिले होते. अनुदान रखडलं, मी त्यातून पगार भागवले. पुढच्या आठवड्यात भरेन म्हटलं. तेवढ्यात डॉक्टरांनी तारीख अलीकडे घेतली. एका विश्वस्तांनी रात्री स्वतःची ठेव मोडली, म्हणून बाळ वेळेवर ऑपरेशनला गेलं. तेव्हापासून कामाला बांधलेल्या पैशाचं खातं वेगळं ठेवलंय. त्यातून काढायला दोन सह्या लागतात, आणि त्यांतली एकही माझी नसते.