हर्पिस, कोरफड आणि दहा दिवसांचं गणित

पत्रिकेवर विषय कसा छापायचा, असं संयोजकांनी मला विचारलं होतं. ‘जननेंद्रियांचा हर्पिस’ असं स्पष्ट छापा, म्हटलं. तरीही तुम्ही इतके जण आलात, याचं मला मनापासून बरं वाटतं. गुप्तरोग हा शब्दच असा आहे की माणूस आधी आजार लपवतो, मग उपचारही लपवून करतो.

सुरुवातीलाच एक घोळ दूर करते. हर्पिस म्हटलं की आपल्याकडे नागीण आठवते. नागीण होते ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे. आजचा विषय आहे हर्पिस सिम्प्लेक्स. दोन्ही विषाणू एकाच कुळातले, पण आजार वेगळे. सिम्प्लेक्सचे टाइप एक आणि टाइप दोन असे दोन प्रकार आहेत आणि जननेंद्रियांवर दोन्ही येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांच्या शरीरात टाइप दोन आहे. साधारण आठांमागे एक. त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नसतो. तेव्हा ‘माझ्याच नशिबी हे का’ असं म्हणत रडणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी आधी हा आकडा सांगते.

फोड बरे झाले तरी विषाणू जात नाही. कमरेखाली, पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो दडून बसतो आणि अधूनमधून त्याच वाटेने कातडीवर येतो. आधी चुणचुण, मुंग्या, मग पाण्याचे फोड, ते फुटून जखमा, मग खपली. पहिल्या वेळी दोन-तीन आठवडे जातात. पुढच्या खेपा आठ-दहा दिवसांत आपोआप आवरतात आणि वर्षं जातील तशा बहुतेकांत विरळ होत जातात.

‘आपोआप’ या शब्दावर मला थांबायचं आहे, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. पहिले दोन दिवस माणूस लाजेने काहीच करत नाही. तिसऱ्या दिवशी खोबरेल तेल, चौथ्या दिवशी हळद, सहाव्या दिवशी कुणीतरी सांगितलेला लेप. आठव्या दिवशी खपली धरते आणि श्रेय लेपाला मिळतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणूनच पर्यायी औषधाबद्दल मी एकच प्रश्न विचारते: औषध नसलेलं नुसतं मलम लावलेल्यांपेक्षा हे लावलेले लवकर बरे झाले का?

प्रोपोलिस घ्या. मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात तो राळेसारखा पदार्थ. २००० साली त्यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९० रुग्ण, तीस-तीसचे तीन गट. दहाव्या दिवशी प्रोपोलिसच्या गटातले २४ जण बरे झाले होते, असायक्लोविर या विषाणूविरोधी औषधाच्या मलमाच्या गटातले १४ आणि औषध नसलेल्या मलमाच्या गटातले १२. जाहिरातीत पहिले दोनच आकडे येतात: ‘असायक्लोविरपेक्षा सरस’. तिसरा आकडा पाहा. काहीच औषध नसताना तीसपैकी बारा जण बरे! असायक्लोविरचं मलम त्याच्या जेमतेम पुढे, कारण या आजारात ते मलम दुबळंच आहे. काम करते ती गोळी. प्रोपोलिसचा निकाल आशादायक आहे हे मी मान्य करते, पण तुलना गोळीशी झालेली नाही.

कोरफडीचंही तसंच. नव्वदच्या दशकात पुरुषांवर झालेल्या अभ्यासात ०.५ टक्के अर्काच्या क्रीमने जखमा सरासरी ४.९ दिवसांत भरल्या, नुसत्या क्रीमने १२ दिवसांत. हे क्रीम मोजून-मापून केलेलं होतं. कुंडीतलं पान कापलं की सालीलगत पिवळट चीक निघतो, तो उघड्या जखमेला झोंबतो. मधावर न्यूझीलंडमध्ये ९५२ जणांवर मोठी चाचणी झाली, पण ती ओठावरच्या हर्पिससाठी. तिथल्या कानुका नावाच्या झाडाच्या मधाने आठ-नऊ दिवसांत जखमा भरल्या, असायक्लोविर क्रीमनेही जवळपास तेवढ्याच वेळात. एकिनेशिया या औषधी वनस्पतीची लंडनमध्ये ५० रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली, ठळक फायदा दिसला नाही.

लायसिनबद्दल सगळ्यात जास्त विचारतात. लायसिन आणि आर्जिनीन हे प्रथिनांचे घटक. या विषाणूला वाढायला आर्जिनीन लागतं, लायसिन त्याच्याशी स्पर्धा करतं, हे प्रयोगशाळेत खरं आहे. त्यावरून लोक आर्जिनीन असलेले पदार्थ सोडतात. माझ्याकडे एक तरुण यायचा, त्याने शेंगदाणे, तीळ, खोबरं, सगळं बंद केलं होतं. आता शेंगदाण्याच्या कुटाशिवाय मराठी घरात भाजी ती कुठली? आईला कारण सांगता येईना, म्हणून तो घरी जेवायचाच टाळायला लागला. वर्षभर! असं पथ्य पाळून हर्पिस कमी होतो याला भक्कम पुरावा नाही. कूट खा, आईच्या हातचं जेवा, असं सांगितल्यावर तो माझ्यासमोर रडला.

ताणाचा संबंध मात्र खरा आहे. १९९९ साली अमेरिकेत ५८ स्त्रियांचा सहा महिने पाठपुरावा केला गेला. एखाद्या दिवसाच्या कटकटीने हर्पिस उलटला नाही, आठवड्याहून जास्त टिकलेल्या ताणाने उलटला. प्राणायाम करा, झोप पुरी घ्या, संध्याकाळी चालायला जा. विषाणू त्याने मरणार नाही. आणि पुन्हा फोड आले तर ‘मीच मन शांत ठेवलं नाही’ असा दोष स्वतःला लावून घेऊ नका.

फोड आले असताना मी स्वतः काय सांगते? कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसा. मग पुसताना चोळू नका, सुती कापडाने टिपा. बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. सैल सुती कपडे घाला. लघवीला आग होत असेल तर करताना वरून पाणी ओतत राहा. निम्मी आग तिथेच कमी होते. चुना लावू नका, टी ट्री तेल पातळ न करता लावू नका. औषधाच्या दुकानातून खाज-गजकर्णाची स्टेरॉइड मिसळलेली क्रीम आणू नका, त्याने विषाणूला मोकळं रान मिळतं.

‘मुळापासून बरा करतो’ असं म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. गुप्तरोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, पण बोस्टनमध्ये विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, हे २००४ साली प्रसिद्ध झालंय. लेबल नसलेली पुडी पोटात घेऊ नका.

असायक्लोविर हे औषध जिथून आलं, त्या संशोधनातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. विषाणू शिरलेल्या पेशीतच ते जागं होतं. चुणचुण सुरू झाल्यापासून चोवीस तासांत गोळी सुरू केली तर खेप आखूड होते. वारंवार त्रास होणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज घेतली तर खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, ती लाल रंगाच्या किटमध्ये मोफत देतात.

एक चिठ्ठी आली आहे: ‘लग्नाआधीपासून हर्पिस आहे, आता सातवा महिना. सासूबाईंनी आणलेला काढा घेऊ का?’ ताई, जुन्या संसर्गात बाळाला धोका फार कमी असतो, कारण तुमची प्रतिकारद्रव्यं त्याच्यापर्यंत पोहोचलेली असतात. खरी भीती शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर असते. पण तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना हे माहीत हवंच. ३६व्या आठवड्यापासून त्या असायक्लोविरच्या गोळ्या सुरू करतील, आणि कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतील. काढा तोवर थांबवा. पुढच्या तपासणीला बाटली बरोबर न्या आणि डॉक्टरांना दाखवा.