डिस्चार्ज बुकातलं एक अक्षर

नमस्कार श्रोतेहो.

आज माजी सैनिकांशी बोलायचं आहे, आणि त्यांच्याइतकंच त्यांच्या घरच्या मंडळींशीही. घरात डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, आणि पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, असेल तर दोन्ही बाहेर काढा, शेजारी नवरा-बायको दोघांची आधार कार्डं ठेवा आणि ऐकता ऐकता नावं ताडून पाहा. अक्षर न् अक्षर.

फरक निघाला तर नवल वाटून घेऊ नका. कागदावरचं ‘ज्ञानदेव’ हिंदी भाषिक क्लार्क ‘ग्यानदेव’ असं वाचतो आणि इंग्रजीत जी-वायने लिहितो. आपल्याकडे आधारवर तेच डी-एन-वायने येतं. आडनाव पुढे की मागे, हा आणखी एक घोळ. बायकोच्या नावाची तऱ्हा तर निराळीच. लग्नानंतर युनिटने जी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा नोंदीत बदल करणारा लष्करी आदेश, काढली, तिच्यात कधी नुसतं ‘सुमन’ असतं, कधी ‘सुमनबाई’, कधी थेट माहेरचं नाव. आधारवर मात्र नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं. जन्मतारखेचं म्हणाल, तर शाळेत गुरुजींनी १ जून टाकलेली, लष्कराच्या नोंदीत नुसतं वर्ष, आणि कित्येक जुन्या पीपीओंवर पत्नीची जन्मतारीखच नाही.

‘पेन्शन तर दरमहा येतेय, मग कशाला उगाच?’ असं पुष्कळजण म्हणतात. जवान हयात आहे तोवर पत्नीच्या नावातली चूक बहुधा अडत नाही. ती अडते त्याच्या पश्चात, कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळी. आज जवान स्वतःच्या सहीने सांगू शकतो की ही माझी पत्नी, नोंदीतलं नाव चुकलंय. उद्या तेच त्या बाईंना एकट्यानं कागदांवरून सिद्ध करावं लागतं, आणि तेही पैसे थांबलेले असताना.

जन्मतारखेचंही तसंच. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला दुप्पट. ही वाढ कुटुंब निवृत्तिवेतनालाही आहे. किमान ९,००० रुपये धरले तरी ८० व्या वर्षी महिन्याला १,८०० रुपये, वर महागाई सवलत वेगळी. पण नोंदीत जन्मतारीख नसेल तर ८० कधी पूर्ण झाली हे यंत्रणेला कळणार कसं?

आता दुरुस्ती. ती बँकेत होत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही होत नाही. तिथे अर्ज लिहायला मदत मिळते, शिफारस मिळते. ती जरूर घ्या. नोंद बदलण्याचा अधिकार मात्र तुमच्या रेकॉर्ड ऑफिसचा, म्हणजे तुमच्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या सेवा नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्स या अभियंत्यांच्या दलाचं खडकीला, सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलाचं जबलपूरला, ईएमई म्हणजे विद्युत व यांत्रिकी अभियंत्यांच्या दलाचं सिकंदराबादला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. निवृत्तीनंतर डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा नोकरी करून दुसरी पेन्शन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: त्या सेवेच्या नोंदी कन्नूरला असतात. एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोचत नाही.

पण अर्ज करण्याआधी थोडं थांबा. नेमका कुठला कागद चुकलाय? जवानाची स्वतःची जन्मतारीख आधारवर वेगळी असेल तर बदलायचं ते आधार. भरतीच्या वेळची जन्मतारीख निवृत्तीनंतर बदलून मिळेल ही आशा सोडून द्या. सेवेतल्या जन्मतारखेवर उशिरा हरकत घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या हरनाम सिंग खटल्यात स्पष्ट केलं आणि पुढेही तीच भूमिका राहिली. मात्र आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, तेव्हा ती संधी डिस्चार्ज बुक समोर ठेवूनच वापरा. लष्करी नोंद खरोखर चुकलेली असेल, तरच रेकॉर्ड ऑफिसकडे जा.

अर्ज ‘ऑफिसर-इन-चार्ज, रेकॉर्ड्स’ यांच्या नावे. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर, पिनकोडसह पत्ता, मोबाइल. मग तीन सरळ ओळी: सध्याची नोंद काय, हवी ती नोंद काय, पुरावा कोणता. देशसेवेची कहाणी नको; तपासणाऱ्या क्लार्कला त्या तीन ओळीच शोधायच्या असतात. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या प्रती, पीपीओ, दोघांचं आधार आणि पॅन, पासबुकाचं पहिलं पान, जोडीचा फोटो, आणि प्रतिज्ञापत्र.

सगळ्यात जास्त अर्ज परत येतात ते या प्रतिज्ञापत्रापायी. कोर्टाबाहेर टंकलेखकाकडे ठरलेला मसुदा असतो: ‘मी माझे नाव बदलले आहे.’ तुम्ही नाव बदललेलं नसतं, ते चुकीचं लिहिलं गेलेलं असतं. या दोन गोष्टी सरकारी दप्तरात फार वेगळ्या. बदल म्हटलं की राजपत्र मागतात, बदल कधी केला ते विचारतात. म्हणून मजकूर असा हवा: ‘माझ्या सेवा नोंदीत पत्नीचे नाव अमुक असे नोंदले गेले आहे, तिचे खरे नाव तमुक आहे, आणि ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.’ दोन्ही नावं इंग्रजी स्पेलिंगसकट, मोठ्या अक्षरांत, जशी त्या त्या कागदावर आहेत तशी. काही रेकॉर्ड ऑफिसांना नोटरी चालत नाही, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचंच प्रतिज्ञापत्र लागतं. आधी विचारून घेतलं की एक खेप वाचते.

नावाच्या दुरुस्तीला बहुधा दोन वर्तमानपत्रांतली जाहिरातही मागतात, एक इंग्रजी, एक मराठी. छापण्याआधी प्रूफ स्वतः वाचा. स्पेलिंग दुरुस्त करायला दिलेल्या जाहिरातीतच स्पेलिंग चुकलेलं, असंही घडतं. आणि नुसतं कात्रण कापू नका, तारीख दिसेल असं अख्खं पान ठेवा.

पुरावा जितका जुना तितका वजनदार. पत्नीचा शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तमच. शाळा बंद पडली असली तरी जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो का, पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. गेल्या महिन्यात काढलेला जन्मदाखला दिसतो छान, पण तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारतो: इतकी वर्षं कुठे होता? पहिली पत्नी वारली असेल तर तिचा मृत्यूचा दाखला आणि दुसऱ्या विवाहाचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. पंचांसमोर झालेली काडीमोड इथे चालत नाही, न्यायालयाचा हुकूमनामा लागतो.

अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि संपूर्ण संचाची झेरॉक्स जपा. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं तर पावतीचा क्रमांक घालून स्मरणपत्र. तेही वाया गेलं तर माहितीचा अधिकार: दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि दोनच प्रश्न. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, आणि माझ्या नोंदीतल्या कुटुंबाच्या तपशिलाची प्रत द्या. उत्तराची मुदत ३० दिवस. ती प्रत हातात आली की पुष्कळदा कळतं की दुरुस्ती कधीच झालेली होती, फक्त पुढे कळवली नव्हती. रेकॉर्ड ऑफिसने लेखी नकार दिला आणि तो अन्यायाचा वाटला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, ती उलटू देऊ नका.

मंजुरी मिळाली की रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर काढतं. काम इथे संपलं असं समजून लोक फाइल बांधून ठेवतात. पार्ट टू ऑर्डर ही लष्कराची नोंद झाली. पेन्शनच्या नोंदीसाठी कॉरिजेन्डम पीपीओ, म्हणजे पीपीओचा दुरुस्ती आदेश, निघावा लागतो. भूदलासाठी तो प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयातून येतो. ज्यांची पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर गेली आहे, त्यांनी लॉगिन करून तिथेही नवी नोंद दिसते का ते पाहावं. स्वतःला जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रात जा, पण पासवर्ड आणि ओटीपी कुणाच्या हाती देऊ नका, मदत करणाऱ्या भाच्याच्याही नाही.

कॉरिजेन्डम हाती आला की त्याच दिवशी वाचा. एक चूक काढताना दुसरी शिरलेली असू शकते: नाव सुधारलं, जन्मवर्ष हुकलं. मग ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, आणि बँक इथे त्याच स्पेलिंगने कळवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा आणि कपाटाचा तो कप्पा बायकोला दाखवून ठेवा.

नमस्कार.