टॉर्क पान्याला बादली टांगून बघितली

नमस्कार मंडळी! आज पारोळ्याहून, आमच्याच गॅरेजमधून. मागे घरघर ऐकू येतेय ती हायवेवरच्या ट्रकांची, तिला इलाज नाही.

(पाना कॅमेऱ्यापुढे)

हा टॉर्क पाना. नट किती जोराने पिळायचा तो आकडा यावर लावायचा, तेवढा जोर आला की पाना 'टक' वाजतो. आमच्याकडे जावयाची होत नसेल इतकी याची थट्टा होते. उस्तादांना विचारा, नट किती कसला? ते दंड पुढे करतात, "मना हातज टॉर्क पाना शे, भो!" आणि हाताचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर आहे का त्याची तपासणी? "रोज कळण्याची भाकर आणि ठेचा." तिकडे पोरगं चाकाचे नट कसतंय. "टक उना (आला) का रे?" "उना ना, चार वेळा उना!"

गोची तिथेच आहे. 40 न्यूटन मीटरवर (हे पिळाच्या जोराचं माप) लावलेला पाना 40 ला अडवत नाही, नुसता सांगतो. टक झाली की हाताला जरासा झोल लागतो. तरी ओढलं तर नट पुढे कसला जातोच. पहिल्या टकेला थांबायचं. आटे गेल्यावर गिऱ्हाईक काय बोलतं ते इथे सांगता येणार नाही.

आता माझी फजिती. चाकाच्या नटांसाठी पाना 110 वर लावला आणि पूर्ण पावसाळा तसाच पेटीत टाकला. आत स्प्रिंग असते, ती दबून बसली. काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, त्याच्याही खाली सोडायचा नाही. माहीत होतं मला. तरी.

मग संशय आला. बघा काय केलं. पान्याच्या डोक्याचा, सॉकेट बसतं तो चौकोनी दांडा व्हाइसमध्ये धरला, पाना जमिनीला समांतर. दांड्याच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत मोजलं, 40 सेंटिमीटर. तिथे दोरीने बादली टांगली आणि पाना 40 न्यूटन मीटरवर लावला. हिशोब सोपा: वजन गुणिले 9.81 गुणिले 0.4. म्हणजे बादलीसकट सव्वादहा किलोच्या आसपास टक व्हायला हवी. थोडी आधीच, कारण पान्याचं स्वतःचं वजनही खाली ओढतं.

मग तांब्याने पाणी ओतत गेलो. हळूच, धार लावून. आणि... टक! बादली काट्यावर ठेवली, 8 किलो 700 ग्रॅम. म्हणजे 34 न्यूटन मीटर. पान्याच्या वजनाचे एक-दीड धरले तरी साडेपस्तीसच. आयएसओ 6789 या आंतरराष्ट्रीय मानकात या मापाच्या टकवाल्या पान्याला 4 टक्के चूक माफ आहे, माझा दहाच्या वर गेला. इतके दिवस नट ढिले बसत होते आणि मी ऐटीत टक ऐकत होतो.

बादलीने फक्त संशय फिटतो, कॅलिब्रेशन होत नाही. ते वर्षातून एकदा किंवा 5000 वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा. पाना उद्या एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबला जातोय. उस्ताद मागून विचारताहेत, "लॅबवाला हात बी तपासतस का?"