मुलं लागली आपापल्या वाटेला, आता दोघं मिळून ग्रँड कॅन्यनच्या आत उतरा

हे जे समोर दिसतंय ना, हे ग्रँड कॅन्यन. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य, कोलोरॅडो नदी, आणि त्या नदीने कोरलेली ही दरी. लांबी ४४६ किलोमीटर, काही ठिकाणी रुंदी २९ किलोमीटरपर्यंत, आणि खोली दीड किलोमीटरच्याही पुढे. दरवर्षी लाखो लोक इथे येतात आणि त्यातले बहुतेक जण वर कड्यावर उभे राहतात, फोटो काढतात, दुकानातून एखादा फ्रिज मॅग्नेट घेतात आणि काही तासांत गाडीत बसून निघूनही जातात.

आजचा व्हिडिओ आहे तो अशा जोडप्यांसाठी ज्यांची मुलं शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर पडलीयेत, घरात आता दोघंच आहेत. अशा वेळी एक गोष्ट हातात येते जी मधली वीस-पंचवीस वर्षं नव्हती, ती म्हणजे तारखा. शाळेची सुट्टी नाही, परीक्षा नाही, कोणाचा क्लास नाही. आणि ही दरी अशी आहे की इथे पैशापेक्षा तुम्ही कधी जाताय आणि किती दिवस देताय यावरच सगळं ठरतं. म्हणून मला अगदी मनापासून वाटतं की ग्रँड कॅन्यन खरं बघावं ते याच वयात, आणि कड्यावरून नाही, आत उतरून.

आधी सीझनचं सांगते. जून ते ऑगस्ट म्हणजे सुट्ट्यांची गर्दी, आणि खाली नदीजवळ तापमान सहज ४० डिग्रीच्या वर. वर साउथ रिमवर, म्हणजे दक्षिणेच्या कड्यावर, २१०० मीटर उंचीमुळे हवा छान असते आणि तिथेच लोक फसतात, वर गार वाटतं म्हणून उतरत जातात आणि खाली भट्टी. जुलै-ऑगस्टमध्ये वळवाच्या पावसाने बाजूच्या घळींमध्ये अचानक लोंढे येतात तो धोका वेगळाच. तुम्ही एप्रिल किंवा ऑक्टोबर धरा.

पहिल्या दिवशी थेट खाली उतरू नका, उंचीची सवय होऊ द्या. त्या दिवशी करायला एक फार सुंदर गोष्ट आहे, कड्यावरून जाणारी ट्रेल ऑफ टाइम. सपाट वाट, आणि हिशोब असा की एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं. वाटेत दरीतल्या वेगवेगळ्या थरांमधून आणलेले दगड ठेवलेत, हात लावून बघायचे. सगळ्यात वरचा कायबाब चुनखडक साधारण २७ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तळाशी नदीजवळचा काळा विष्णू शिस्ट हा खडक जवळपास १७० कोटी वर्षांपूर्वीचा. हो, विष्णूच! इथल्या बऱ्याच शिखरांना देवादिकांची नावं दिलीयेत, त्यातलंच हे. ही वाट आधी चाललात तर दुसऱ्या दिवशी उतरताना भिंतीचा रंग बदलला की लगेच कळतं आपण कुठल्या काळात आलोय.

जवळच हर्मिट रोड आहे, ११ किलोमीटरचा. मार्च ते नोव्हेंबर खाजगी गाड्या बंद, फक्त शटल बस आणि सायकली. सायकल भाड्याने मिळते, दमलात तर सायकल बसच्या पुढच्या रॅकवर टाकायची आणि परत यायचं. एक सकाळ द्या याला.

आता खरी गोष्ट, पायी उतरणं. दोन मुख्य वाटा आहेत. साउथ कायबाब ही धारेवरून जाते, दोन्ही बाजूंना उघडी दरी, पण वाटेत पाणी नाही आणि सावली जवळजवळ नाहीच. ब्राइट एंजल लांब आहे पण वाटेत विश्रांतीच्या जागा आहेत, सीझनमध्ये प्यायचं पाणी मिळतं, आणि साधारण सात किलोमीटरवर हवासुपाई गार्डन्स लागतं, कॉटनवुडची मोठी झाडं आणि वाहता ओढा. एका दिवसाचा ट्रेक करायचा असेल तर साउथ कायबाबवरून सिडर रिजपर्यंत जाऊन परत या, जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर होतात आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास उतार-चढ. आकडा छोटा वाटतो पण इथे डोंगर उलटा आहे, सोपं आधी आणि अवघड नंतर, दम लागायला लागतो तेव्हा घर अजून वर असतं. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरा. नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा प्रयत्न करू नका असं रेंजर सगळ्यांना सांगतात, ते अगदी खरं माना. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चढू नका हेही तेच सांगतात.

आणि पाण्याबद्दल एक गोष्ट जी पुष्कळांना माहीतच नसते. नुसतं पाणी पीत राहिलात आणि खाल्लं नाही तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही, रक्तातलं सोडियम घसरतं, डोकं दुखतं, मळमळतं, गोंधळल्यासारखं होतं. इथे लोकांना वाचवायला जावं लागतं त्याचं हेही एक कारण असतं. बीपीच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर हे आणखी महत्त्वाचं, जायच्या आधी डॉक्टरांशी बोलाच. खारट खाणं सोबत ठेवा, दर अर्ध्या तासाने थोडं थोडं खा, आणि दोघांनी एकमेकांकडे लक्ष ठेवा कारण जो गोंधळलेला असतो त्याला स्वतःला ते कळत नाही.

दोघांपैकी एक जण भरभर चालणारा आणि एक जण हळू, असं बहुतेक घरांत असतं. इथे हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं. आणि निघायच्या आधी परत फिरायची वेळ ठरवून घ्या, घड्याळात ती वेळ झाली की जिथे असाल तिथून वळायचं, वाटेत वाद नको.

ज्यांना तळाशी मुक्काम करायचाय त्यांच्यासाठी फँटम रँच. १९२२ साली उभं राहिलं, मेरी कोल्टर या आर्किटेक्ट बाईंनी डिझाइन केलेलं, नदीजवळच्याच दगडांतून बांधलेल्या छोट्या केबिन. तिथे गाडीरस्ता नाही. पायी या, खेचरावर बसून या, नाहीतर नदीतून या. बुकिंग लॉटरीने होतं आणि तेही साधारण १५ महिने आधी. मुलं लहान असताना १५ महिन्यांनंतरच्या मंगळवारी आपण कुठे असू हे कोण सांगणार होतं, आता सांगता येतं! गुडघे कुरकुरत असतील तर बॅग खेचरावरून पाठवायची सोय आहे, ३० पाउंडांपर्यंत, आपण फक्त पाणी आणि खाऊ घेऊन उतरायचं. दुसऱ्या दिवशी लगेच चढू नका, शक्य असेल तर दोन रात्री घ्या. पाण्याच्या पाइपलाइनच्या कामामुळे वाटा आणि रँच मधूनमधून बंद असतात, त्यामुळे पार्कची वेबसाइट बघितल्याशिवाय तिकिटं काढू नका.

खेचरावरून जायचं असेल तर तोही छान मार्ग आहे. १९व्या शतकाच्या शेवटापासून इथे खेचरं माणसं नेतायत. रात्रीच्या मुक्कामाच्या राइडला वजनाची मर्यादा २०० पाउंड, म्हणजे ९० किलो, तीही कपड्यांसकट, आणि ती खरोखर काट्यावर तपासतात. दोघांना मिळून खर्च हजार डॉलरच्या वर जातो. एक लक्षात घ्या, खेचर कड्याच्या बाहेरच्या बाजूने चालतं, वळणावर तुमचा पाय दरीवर असतो. उंचीची भीती असेल तर हे नको, चालत जा, चालताना निदान भिंतीला हात लावता येतो.

वाटेत वर बघत राहा. मोठे काळे पक्षी दिसले आणि पंखावर नंबर असेल तर ते कॅलिफोर्निया काँडोर. पंख पसरले की जवळपास तीन मीटर. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते, १९९६ पासून ॲरिझोनात पुन्हा सोडायला लागले. जोडी साधारण जन्मभराची, एका वेळी एकच अंडं, आणि पिल्लाला उडता आलं तरी आईवडील कितीतरी महिने त्याच्या मागे असतात.

आणि आता नदी. मला विचाराल तर सगळ्यात मोठा अनुभव हाच. लीज फेरीला, म्हणजे जिथून हा नदीप्रवास सुरू होतो तिथे, राफ्टमध्ये बसायचं आणि मग दिवसेंदिवस फोन नाही, बातम्या नाहीत, फक्त भिंती उंच होत जातात. मोटर लावलेल्या मोठ्या राफ्टने पूर्ण प्रवास आठवडाभरात होतो, वल्ह्यांच्या बोटीने दोन आठवडे आणि पुढे. काही बोटी लाकडी डोरी असतात, हलक्या, लाटेवर नाचणाऱ्या. काही राफ्टमध्ये तुम्हीच वल्हवायचं. इतके दिवस नको असतील तर अर्धा प्रवास करून फँटम रँचजवळ उतरायचं आणि ब्राइट एंजलने चढून वर यायचं. मध्ये रेडवॉल कॅव्हर्न लागते, पॉवेलला वाटलं होतं की इथे ५० हजार माणसं बसतील, एवढा भव्य पाषाणी मांडव. हा जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये नऊ माणसं आणि चार बोटी घेऊन या नदीच्या शोधप्रवासाला निघाला होता, युद्धात एक हात गमावलेला माणूस. पुढे लिटल कोलोरॅडो येऊन मिळते, पाऊस नसेल तेव्हा तिचं पाणी निळं फिरोजी. आणि मग लाव्हा फॉल्स, रॅपिडला, म्हणजे नदीच्या खळाळत्या उताराला, इथे १ ते १० असे नंबर देतात आणि हा सगळ्यात वरच्यांपैकी. पाणी मात्र भयंकर गार, कारण वर ग्लेन कॅन्यन धरण आहे आणि त्याच्या खोल तळाकडचं पाणी सोडतात. भर उन्हातसुद्धा रेनसूट लागतो.

संडासचं विचारायला लोक लाजतात म्हणून सांगून टाकते. रोज कॅम्पच्या आडोशाला डबा मांडतात, सगळं बरोबर घेऊन बाहेर न्यावं लागतं, आणि लघवी नदीत करायची असा नियमच आहे. एका दिवसात सवय होते.

१९२८ मध्ये ग्लेन आणि बेसी हाइड नावाचं नवंलग्न झालेलं जोडपं घरी बनवलेल्या बोटीतून इथे उतरलं होतं, लाइफ जॅकेटशिवाय. बोट सापडली, सामानासकट, उभीच्या उभी. ती दोघं कधीच सापडली नाहीत. म्हणून गाइडने जॅकेटचा पट्टा आवळायला सांगितला की आवळायचा. दुसरीकडे जॉर्जी व्हाइट क्लार्क, जिने मोठे रबरी राफ्ट एकत्र बांधून साध्या प्रवाशांना नदीत न्यायला सुरुवात केली, ती सत्तरी उलटल्यावरही ट्रिप चालवत होती. वय म्हणून घाबरणाऱ्यांनी तिच्याबद्दल वाचावं. रॅपिड नकोच असतील तर धरणापासून लीज फेरीपर्यंत संथ पाण्यातली अर्ध्या दिवसाची सफर असते, हॉर्सशू बेंडच्या तळातून.

दरीवर पुढे आलेला काचेचा पूल, म्हणजे स्कायवॉक, याबद्दल थोडंच सांगते. तो पश्चिमेला हुआलापाई या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, २००७ मध्ये सुरू झाला, नॅशनल पार्कचा भाग नाही, तिकीट वेगळं. चालणं अजिबात जमत नसेल तर जरूर करा, पण पाय चालत असतील तर तेच पैसे नदीसाठी ठेवा. हवासू धबधबा हवासुपाई या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या भागात, १३ किलोमीटर चालून सुपाई गावात पोचायचं, तिथली टपाल अजून खेचरावरून येते. परमिट लागतंच, आणि एका दिवसात जाऊन-येऊन करू देत नाहीत. त्याच्या पुढच्या मूनी धबधब्याला साखळ्या धरून ओल्या शिड्यांवरून उतरावं लागतं, खांदे धड असतील तरच.

नॉर्थ रिम म्हणजे उत्तरेचा कडा जास्त उंच आणि शांत, पण जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं, त्यामुळे एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर चालत जायचा बेत असेल तर काय उघडं आहे ते आधी तपासा.

तयारी किमान चार-पाच महिने. जिने चढायची प्रॅक्टिस सगळे करतात, उतरायची कोणी करत नाही आणि मांड्या भरून येतात त्या उतरतानाच, म्हणून पाठीवर थोडं वजन घेऊन जिने उतरा. दोन ट्रेकिंग पोल प्रत्येकी. बूट आधी वापरून मऊ केलेले हवेत, आणि पायाची नखं नीट कापून जा, उतारावर बोटं सारखी पुढे आपटतात आणि संध्याकाळपर्यंत अंगठ्याचं नख काळं पडलेलं असतं.