ब्रह्मगिरीची मागची बाजू

(दृश्य: धुकं, कातळात कोरलेल्या पायऱ्या)

शेकडो वर्षांच्या वर्दळीनं ब्रह्मगिरीच्या पायऱ्या मधोमध खोलगट झाल्यात. पाऊस पडून गेला की एकेकीत ओंजळभर पाणी साचतं. चढून येणारे बहुतेक जण गोदावरीच्या उगमाला हात जोडतात आणि माघारी फिरतात. आपण जरा पुढे, पश्चिमेच्या कड्याकडे जाऊ.

इथं देश, म्हणजे घाटमाथ्यावरचं पठार, संपतो. खाली मोखाडा-जव्हारची रानं, त्यापलीकडे डहाणूची किनारपट्टी. सरळ रेषेत अरबी समुद्र जेमतेम 80-85 किलोमीटर. पण गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवते आणि 1465 किलोमीटर वाहत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणाही याच त्र्यंबकच्या डोंगरांतली. ती घाटमाथ्यावर थोडी रेंगाळते, मग कोकणात उतरते, मोडकसागर धरणात अडते आणि मुंबईच्या नळांना येते. दोघींचं माहेर एकच.

(दृश्य: कड्यावरचे आडवे थर)

हा सगळा बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. समुद्रावरून आलेले ढग याच भिंतीला अडतात. इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तासाभराच्या अंतरावर नाशिक शहरात 700 च्या आसपास! निफाड-पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांनी या डोंगररांगेला एखादा नारळ वाढवायला हरकत नाही.

(दृश्य: पांडवलेणी, ब्राह्मी अक्षरं)

या डोंगररांगेचं, सह्याद्रीचं, जुनं नाव वाचायचं तर नाशिकच्या पांडवलेण्यात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जायचं. गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या, सत्तेतल्या पर्वतांची यादी तिनं दिली आहे. त्यात ‘सह्य’ आहे. पुढे ती म्हणते, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. आईच ती, थोडं वाढवून सांगणारच!

ब्रह्मगिरीवरचा किल्ला, त्र्यंबकगड, 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला. 1818 च्या एप्रिलमध्ये तो इंग्रजांकडे गेला.

(दृश्य: मेटावरची वस्ती, उन्हाळा)

गडाच्या पहाऱ्यासाठी डोंगराच्या अंगावर चौक्या असत, त्यांना मेट म्हणत. पहारे केव्हाच संपले, पण मेटांवरच्या वस्त्या आहेत आणि ‘मेटघर’ हे नावही टिकलंय. इथला उतार तीव्र, कातळावर मातीचा थर पातळ. पावसाळ्यात धो धो पडतं ते निम्मं एका समुद्राकडे पळतं, निम्मं दुसऱ्या. वैशाखात विहिरीच्या तळाशी गढूळ थारोळं उरतं. बाया आत उतरतात, वाटीनं पाणी हंड्यात भरतात. एक हंडा भरायला बराच वेळ लागतो. तोवर काठावर पुढच्या हंड्यांची रांग लागलेली असते.